पॅरिश नकाशात राहिली, कारभार फ्रेडरिक्टनला गेला

कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांताच्या नकाशात जागोजागी ‘अमुक पॅरिश’ लिहिलेलं दिसतं. वाचणाऱ्याला वाटतं, चर्चचा काही संबंध असेल. शब्द चर्चचाच खरा, पण इथे तो मुलकी कारभाराचा झाला. काउंटी म्हणजे जिल्हा आणि पॅरिश म्हणजे त्याचा पोटविभाग.

सेंट जॉन आणि केनेबेकासिस या नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या भूभागावरची किंग्स्टन पॅरिश घ्या. अमेरिकन क्रांतीत इंग्लंडच्या राजाची बाजू घेऊन हरलेली ‘लॉयलिस्ट’ कुटुंबं १७८३ मध्ये इथे येऊन राहिली. पुढच्याच वर्षी नोव्हा स्कॉशियातून न्यू ब्रन्सविक वेगळा काढला गेला आणि १७८६ च्या कायद्याने काउंट्यांच्या पॅरिश पाडल्या. किंग्स्टन त्या पहिल्या खेपेतली.

गावकऱ्यांच्या हाती मात्र फार काही आलं नाही. गव्हर्नरने नेमलेले न्यायदंडाधिकारी एकत्र बसत आणि पॅरिशचे कामगार नेमत. कोणी रस्त्यांवर देखरेख ठेवायचा, कोणी कुंपणांचे तंटे बघायचा, कोणी कोंडवाडा सांभाळायचा. मोकाट डुकरांसाठीसुद्धा वेगळा माणूस असे! हे वाचताना हसू येतं, पण निराधारांच्या कामावर नेमलेल्या माणसाशी आलं की हसू मावळतं. निराधारांना पोसण्याचा खर्च पॅरिशच्या माथी होता, म्हणून काही ठिकाणी त्यांचा चक्क उलटा लिलाव होई. सांभाळायला जो सर्वांत कमी पैसे मागेल, त्याच्या घरी तो म्हातारा किंवा ती विधवा वर्षभर जायची. किंग्स्टन ज्या किंग्स काउंटीत येते, तिथेही हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चालू होतं.

१८७७ मध्ये सगळ्या काउंट्यांना निवडून दिलेली परिषद मिळाली आणि पॅरिश आपले प्रतिनिधी तिथे पाठवू लागली. गावाला कारभारात थेट आवाज मिळाला तो याच काळात. अडचण पैशाची होती. शाळा, दवाखाने, गरिबांची मदत यांचा मोठा भार स्थानिक करावर होता, त्यामुळे गरीब काउंटीची शाळाही गरीबच राहायची. उत्तरेकडच्या फ्रेंचभाषक अकेडियन वस्त्यांना ही झळ जास्त बसली. त्याच समाजातून आलेले प्रीमियर (म्हणजे प्रांताच्या सरकारचे प्रमुख) लुई रोबिशो यांनी ‘समान संधी’ योजना आणली. या सेवा प्रांताने, म्हणजे राजधानी फ्रेडरिक्टनने, स्वतःकडे घेतल्या आणि १९६७ पासून काउंटी परिषदाच रद्द झाल्या.

शाळा सुधारल्या. पण नगरपालिका नसलेल्या ग्रामीण भागाला निवडलेलं सरकारच उरलं नाही. त्यांच्यासाठी ‘लोकल सर्व्हिस डिस्ट्रिक्ट’ निघाले: अग्निशमन, दिवाबत्ती, कचरा एवढ्यापुरते. सल्लागार समिती निवडता येई, पण कराचा दर मंत्री ठरवी. तब्बल पन्नासहून जास्त वर्षं प्रांतातली जवळपास ३० टक्के माणसं अशी राहिली. माझ्या मते या सुधारणेची ही किंमत फार उशिरा मोजली गेली.

अखेर १ जानेवारी २०२३ पासून नवी रचना आली. गावं आणि हे डिस्ट्रिक्ट मिळून झालेल्या ३४० तुकड्यांच्या जागी ७७ स्थानिक सरकारं आणि १२ ग्रामीण जिल्हे झाले. ग्रामीण जिल्ह्यांत मात्र आजही सल्लागार समितीच आहे, शेवटचा शब्द प्रांताचा.

किंग्स्टनहून केनेबेकासिसपलीकडच्या गोंडोला पॉइंटला जायचं तर आजही फेरीबोटीने, पाण्याखालच्या केबलच्या आधाराने. हे तंत्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथेच निघालं. तिकीट लागत नाही. फेरीबोट प्रांत चालवतो.