कॉफी ग्राइंडर : बियांच्या प्रकारांनुसार रचना आणि सुधारणा

कॉफी ग्राइंडर म्हणजे भाजलेल्या कॉफीच्या बिया हव्या त्या जाडीला दळून देणारे यंत्र. भाजलेली बी ठिसूळ असते; ती खलबत्त्यातही फुटते आणि मिक्सरमध्येही. यंत्राचा कस लागतो तो दळण एकसारखे येण्यात. एकाच कपाच्या पुडीत निम्मे पीठ आणि निम्मी भरड असेल, तर पिठातून नको तेवढा कडवटपणा उतरतो, भरडीतला स्वाद आतच राहतो आणि कॉफी एकाच घोटात कडूही लागते, आंबटही. त्यात बियांची पिशवी बदलली की कालची जुळणी आज चालत नाही. म्हणून सुधारित ग्राइंडर आखताना विचार बियांपासून सुरू करावा. मोटार आणि बाहेरचे रूप नंतर.

दळणाची जाडी. मराठी घरात दळणाला जी नावे आहेत ती कॉफीलाही चपखल बसतात. तुर्की कॉफीला वस्त्रगाळ पीठ लागते. त्यातले कण साधारण १०० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून बारीक. एस्प्रेसोला चिमटीत किंचित खरखरीत लागणारी पूड हवी, साधारण २०० ते ४०० मायक्रॉनची. कागदी गाळणीवर पाणी ओतून करायच्या कॉफीला रवाळ दळण (५०० ते ८०० मायक्रॉन), तर फ्रेंच प्रेसला (पूड पाण्यात भिजवून जाळीच्या दट्ट्याने खाली दाबायचे भांडे) एक मिलिमीटरच्या आसपासची भरड. दक्षिण भारतीय फिल्टरची पूड एस्प्रेसो आणि रवाळ दळण यांच्या मधली. ती जरा बारीक झाली की डिकॉक्शन तुंबते. जाड झाली की पाणी भराभर खाली उतरते आणि हाती येतो फिक्कट काढा. सगळ्यांत हळवी एस्प्रेसो. तिथे सुमारे ९ बार दाबाखाली २५ ते ३० सेकंदांत पेय उतरावे लागते, आणि दळणात वीस-तीस मायक्रॉनचा फरक पडला तरी ही वेळ चुकते.

बी कशी फुटते. हिरव्या, म्हणजे न भाजलेल्या, बीत १० ते १२ टक्के ओलावा असतो. भाजताना तो जवळजवळ सगळा उडतो, वजन भाजणीनुसार १२ ते २० टक्क्यांनी घटते, बी फुगते आणि आतून सच्छिद्र होते. फरक दाढेखाली लगेच कळतो. गडद भाजलेली बी हलकेच चावताच कुरकुरीत चुरा होते. फिकट भाजलेली दाताला दाद देत नाही, आणि फुटली तरी दोन-तीन टणक तुकड्यांत फुटते. यंत्राचेही तसेच होते. फिकट बीसाठी जास्त जोर लागतो, हाताच्या ग्राइंडरचा दांडा अडखळतो, कमी ताकदीची मोटार थांबते. शिवाय फिकट बीतला अर्क पाण्यात सावकाश उतरतो, म्हणून तिला बारीकही दळावे लागते. म्हणजे मेहनत दुप्पट. गडद बी सहज फुटते, पण फुटताना भुकटी जास्त करते आणि पृष्ठभागावर आलेल्या तेलाने यंत्राचे कानेकोपरे चिकट करून सोडते.

ही भुकटी कोणत्याच ग्राइंडरला पूर्ण टाळता येत नाही. बी म्हणजे काही दशक मायक्रॉनांत मोजता येणाऱ्या पेशींचे पोळे. ते फुटले की पेशींच्या भिंतींचे कपचे उडतातच. त्यामुळे दळणात कणांचे दोन गट दिसतात : एक हव्या त्या मापाचा आणि दुसरा १०० मायक्रॉनच्या आतल्या भुकटीचा. चांगली रचना पहिला गट आटोपशीर ठेवते आणि दुसऱ्याचे प्रमाण रोज तेवढेच राहील असे पाहते.

बियांचे प्रकार. आकाराचा प्रश्न आधी येतो. भारतात ‘प्लँटेशन एए’ ही प्रत मुख्यत्वे ७.१ मिलिमीटरच्या भोकांच्या चाळणीवर राहणाऱ्या बियांची. ‘बी’ प्रतीसाठी हेच माप ६ मिलिमीटर. पीबेरी वेगळीच. कॉफीच्या फळात एरवी समोरासमोर दोन चपट्या बिया असतात. एकच वाढली तर ती वाटाण्यासारखी गोल होते. अशी गोल बी दात्यांवरून घरंगळते, तिला पकडून आत ओढणारे वरचे मोठे दाते खोल आणि उतरते असावे लागतात. कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी रोबस्टाची बी अरेबिकापेक्षा गोलसर आणि बहुधा लहान.

मान्सून्ड मलबार ही आपल्याकडची खास बी. मंगळूरच्या बाजूला, पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळ्यात ती पसरून ठेवतात. मोसमी वाऱ्याचा दमटपणा पिऊन ती फुगते, पिवळट पडते, तिचा आंबटपणा जातो. शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना बियांचे जे होत असे, तेच इथे मुद्दाम केले जाते. तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. ओंजळीत घेतली तर ती आकाराच्या मानाने हलकी लागते. ग्राइंडरला नेमके हेच अडचणीचे ठरते, कारण पुष्कळ दुकानी यंत्रे सेकंद मोजून कॉफी पाडतात. घट्ट बीवर लावलेली वेळ या फुगीर बीला तशीच ठेवली की पुडीचे वजन बदलते. म्हणून बिया बदलत्या असतील तिथे घड्याळावर विसंबू नये. यंत्राखालीच वजनकाटा असावा किंवा प्रत्येक कपाच्या बिया आधी तोलून घालाव्यात.

इथे एक सावधगिरीची नोंद हवी. ‘देश बदलला की दळण बदलते’ असे सरसकट सांगितले जाते. २०१६ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात टांझानिया, इथिओपिया, एल साल्वाडोर आणि ग्वाटेमाला इथल्या बिया एकाच यंत्रावर दळल्या होत्या. कणांच्या मापांत फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो तापमानाने. बिया गार केल्या, अगदी द्रवरूप नायट्रोजनच्या उणे १९६ अंशांपर्यंत, तसे दळण अधिक बारीक आणि एकसारखे होत गेले. तेव्हा रचनाकाराने पिशवीवरच्या देशाच्या नावापेक्षा भाजणी, घनता, ओलावा आणि बीचे तापमान यांकडे लक्ष द्यावे, हे योग्य.

जात्यापासून चकत्यांपर्यंत. आजच्या चांगल्या ग्राइंडरचे तत्त्व जात्याचेच आहे. खालची तळी स्थिर, वरची फिरती, मधून टाकलेले धान्य कडेकडे सरकत बारीक होत जाते. डाळ भरडायची असली की मधल्या खुंट्यावर चिंधी घालून वरची तळी किंचित उचलतात. ग्राइंडरची जाडी बदलणारी कडी दुसरे काही करत नाही. उस्मानी मुलखात हाताने फिरवायच्या पितळी नळकांडी चक्क्या रुळल्या. फ्रान्समधल्या प्यूजो घराण्याने मोटारगाड्यांच्या कितीतरी आधी, १८४० साली, कॉफीची चक्की बनवली. पुढे विजेची मोटार आली आणि तिच्यासोबत पात्याचा स्वस्त ग्राइंडरही. त्यातले पाते बीला झोडपते. कोणता तुकडा किती वेळा सापडेल याला धरबंध नाही. मसाल्याला ते चालते. कॉफीसाठी त्यात सुधारणा करत बसण्यापेक्षा साधी हाताची चक्की घ्यावी. कारखान्यांत एकामागोमाग एक रुळांच्या जोड्यांतून बी नेतात, त्या दळणाला तोड नाही. पण ते यंत्र घरच्या ओट्याचे नव्हे.

उरतात दोन रचना. शंक्वाकृती रचनेत दातेरी कड्यात दातेरी शंकू फिरतो. बी वजनानेच खाली ओढली जाते, वेग कमी चालतो, हाताच्या चक्कीला हीच सोयीची. सपाट रचनेत दोन दातेरी चकत्या समोरासमोर असतात आणि बी मधून कडेला फेकली जाते. माल्कोनिग कंपनीचे ‘ईके ४३’ हे ९८ मिलिमीटरच्या सपाट चकत्यांचे यंत्र मुळात दुकानात पिशव्या दळून देणारे. २०१३ च्या जागतिक बरिस्ता (कॅफेत कॉफी बनवणारे) स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या मॅट पर्गरने ते एस्प्रेसोसाठी वापरले आणि जगभरच्या कॅफेंचे लक्ष मोठ्या सपाट चकत्यांकडे वळले.

फट आणि तिची मोजणी. वेगवेगळ्या बियांसाठी ग्राइंडर सुधारायचा तर सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे चकत्यांमधली फट बारकाईने बदलता येणे, आणि त्याहून मोलाची म्हणजे पुन्हा नेमक्या त्याच जागी येता येणे. समजा, कडीच्या आट्यांचे अंतर एक मिलिमीटर आहे आणि एका फेऱ्यात ४० खाचा आहेत. एका खाचेला चकती २५ मायक्रॉन सरकते. फिल्टर कॉफीला हे पुरे, एस्प्रेसोला ठोकळ. शंकूच्या रचनेत थोडी सवलत मिळते : शंकूची कड अक्षाशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर शंकू २५ मायक्रॉन वर सरकल्यावर फट साडेबाराच मायक्रॉनने कमी होते. खाचांवर आकडे हवेत, आणि ते चकत्या एकमेकींना जिथे टेकतात त्या शून्यापासून मोजलेले. मग वहीत ‘पीबेरी, मध्यम भाजणी, १४’ असे टिपून ठेवता येते. साफसफाईसाठी वरची चकती काढल्यावर हा शून्य हलत असेल, तर ती रचनेतलीच खोट समजावी.

फट सगळीकडून सारखीही हवी. चकती एका बाजूला तिरकी बसली तर एकीकडून पीठ आणि दुसरीकडून भरड पडते, मग दाते कितीही उत्तम असोत. तपासायची रीत सोपी. यंत्राची वायर काढावी. एका चकतीच्या बाहेरच्या कडेवर पांढऱ्या फळ्यावर लिहायच्या पेनने शाई फासावी. चकत्या बसवून हाताने सावकाश फिरवत टेकेपर्यंत आवळाव्यात आणि पुन्हा उघडून बघावे. शाई सगळीकडे सारखी पुसली गेली असेल तर चकती समांतर आहे. एकाच चंद्रकोरीपुरती पुसली असेल, तर शाई जिथे तशीच राहिली त्या बाजूच्या स्क्रूपाशी, चकतीखाली, स्वयंपाकघरातल्या फॉइलचा कपटा सारून पुन्हा तपासावे. दोन-तीन खेपांत कड बरोबर बसते. महागड्या यंत्रातला बराचसा पैसा या समांतरपणासाठी असतो, आणि तो द्यावा असाच आहे.

वेग, उष्णता, भरण. पन्नास हर्ट्झच्या विजेवर चार ध्रुवांची साधी मोटार मिनिटाला सुमारे १४०० फेरे घेते. सलग दळण चालले की चकत्या तापतात. पोलाद एका अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन प्रसरण पावते. म्हणजे ५० मिलिमीटरचा दांडा ३० अंशांनी तापला तर १८ मायक्रॉनने लांबतो. ॲल्युमिनियमचा भाग असेल तर जवळजवळ दुप्पट. सकाळी लावलेली जुळणी गर्दीच्या वेळी का सरकते, याचे एक कारण हे. उपाय म्हणून वेग बदलता येणारी मोटार, हवा खेळती ठेवणारे घर आणि चकतीला मोटारीपासून दूर ठेवणारी बैठक.

बी किती दाबाने आत जाते यालाही महत्त्व आहे. वर भरलेला डबा असतो तेव्हा बियांचे ओझे खालच्यांना दात्यांत दाबते. एका कपापुरत्याच बिया टाकल्या तर शेवटच्या काही बिया फुटाण्यासारख्या उडत राहतात आणि त्यांचे दळण वेगळे पडते. चकत्यांआधी मळसूत्र ठेवून बिया ठरावीक गतीने पुढे ढकलल्या की हा दोष कमी होतो, आणि गोल पीबेरीलाही आधार मिळतो.

चिकटणे. दळताना घर्षणाने पुडीला विद्युतभार येतो. ती पन्हाळीला, झाकणाला, ओट्याला चिकटते. जुनी शिळी पूड आत राहून पुढच्या कपात मिसळते. बिया रोज बदलणाऱ्याला हा त्रास फार. ओरेगन विद्यापीठातल्या गटाने ज्वालामुखींच्या राखेचा अभ्यास करणाऱ्यांसोबत २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या कामात दिसले की गडद, कोरड्या बियांना ऋण आणि फिकट, जास्त ओलाव्याच्या बियांना धन भार येतो, आणि दळण्याआधी पाण्याचे काही थेंब शिंपडले की भार ओसरतो. फवारा एखाददुसराच असावा, आणि चकत्या गंजणाऱ्या पोलादाच्या असतील तर दळून झाल्यावर ब्रश मारावा. यंत्राच्या बाजूने करण्यासारखे म्हणजे पूड पडण्याची वाट सरळ, आखूड आणि उतरती ठेवणे.

चिकोरी आणि खडे. माटुंग्याच्या दक्षिण भारतीय वस्तीतल्या दुकानांत गिऱ्हाईकासमोर कॉफी दळून तिच्यात सांगाल तेवढी चिकोरी (भाजून दळलेले एक मूळ) मिसळून देतात. चिकोरी नंतर मिसळण्याची ही पद्धत यंत्राच्या दृष्टीनेही बरोबर आहे. भाजलेली चिकोरी हवेतला दमटपणा पटकन ओढते आणि पावसाळ्यात दात्यांत राप धरते.

बियांत खडा येतो हे गृहीत धरावे. सिरॅमिकच्या चकत्या गंजत नाहीत आणि बराच काळ धार धरतात, पण खड्याने त्यांचा टवका उडतो. कडक केलेले पोलाद निभावून नेते. डब्याच्या तोंडाशी ठेवलेला चुंबक लोखंडाचा कण पकडतो, दगड पकडत नाही. त्यासाठी अडकताच मोटार सुटी करणारा क्लच हवा. आणि नवी पिशवी उघडल्यावर बिया एकदा ताटात पसरून तांदळासारख्या निवडून घ्याव्यात.