झोपेसाठी योगासनं: ही वाट कुठून आली?

रात्री दिवे मालवण्याआधी पाय भिंतीला टेकवून पडायचं, उशीवर कपाळ ठेवून पुढे वाकायचं आणि शवासनातून अलगद झोपेत शिरायचं. असा पंधरा-वीस मिनिटांचा क्रम आता घरोघरी ओळखीचा झाला आहे आणि तो 'हजारो वर्षांचा' आहे असं सर्रास सांगितलं जातं. जुने ग्रंथ उघडले की चित्र बरंच निराळं दिसतं. त्यांतला साधक झोप मागत नाही, तो झोपेला आवरू पाहतो. आजचा सौम्य योग बहुतांशी विसाव्या शतकात घडला. त्यातला एक धागा मात्र खरोखर जुना आहे, आणि झोपेच्या दृष्टीने तोच सर्वांत उपयोगाचा आहे.

पतंजलींनी योगसूत्रांत चित्तवृत्तींच्या निरोधाला, म्हणजे मनाच्या हालचाली आवरण्याला, योग म्हटलं आणि पुढे पाच वृत्ती मोजल्या: प्रमाण (खरं ज्ञान), विपर्यय (चुकीचं ज्ञान), विकल्प (नुसती शब्दांतली कल्पना), निद्रा, स्मृती. म्हणजे झोप आवरायच्या यादीतच आली. दहाव्या सूत्रावरचं व्यासभाष्य, म्हणजे योगसूत्रांवरची जुनी टीका, इथे थांबून वाचण्यासारखं आहे. झोप म्हणजे निव्वळ शून्य असती तर जागं झाल्यावर 'मी सुखाने झोपलो' ही आठवण कुठून आली असती, असं भाष्यकार विचारतात. मग झोपेचे तीन प्रकार सांगतात. एकीतून उठल्यावर मन प्रसन्न असतं. दुसरीनंतर मन भरकटत राहतं, एका जागी ठरत नाही. तिसरीनंतर अंग जड आणि चित्त थकलेलं. रात्रभर पडून राहूनही ताजंतवानं वाटत नाही, ही तक्रार इतकी जुनी आहे.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अति झोपणाऱ्याला योग साधत नाही आणि सतत जागणाऱ्यालाही साधत नाही, असं सांगून 'युक्तस्वप्नावबोध', म्हणजे झोप-जाग दोन्ही बेताची, असा शब्द येतो. ज्ञानेश्वरीत याच ठिकाणी 'निद्रेसी जीवें विकला' अशा माणसाला अधिकारी मानलेलं नाही. झोपेच्या ठरावीक वेळेचा आग्रह आजचे डॉक्टरही धरतात, पण गीतेत तो आसनांच्या नव्हे, दिनचर्येच्या बोलण्यात येतो.

जुना धागा: प्रयत्न सोडणं

आसनाबद्दल पतंजली फारच थोडं बोलतात. ते स्थिर आणि सुखाचं असावं, आणि ते साधतं 'प्रयत्नशैथिल्या'ने, म्हणजे जोर सैल सोडल्याने आणि अनंतात चित्त लावल्याने. पुढे तेराव्या शतकाच्या सुमारास दत्तात्रेययोगशास्त्रात प्रेतासारखं उताणं पडून राहणं येतं, पण लययोगाची, म्हणजे मन विरवून टाकण्याच्या योगाची, युक्ती म्हणून. पंधराव्या शतकातल्या हठयोगप्रदीपिकेत स्वात्मारामांनी त्याला आसन म्हटलं आणि कामही नेमकं सांगितलं: 'शवासनं श्रान्तिहरं चित्तविश्रान्तिकारकम्'. थकवा घालवणारं, चित्ताला विसावा देणारं. घेरंडसंहितेच्या बत्तीस आसनांत तेच 'मृतासन' म्हणून आलं. झोपेचा उल्लेख इथेही नाही, विसाव्याचा आहे.

विपरीत करणीची, म्हणजे पाय वर करून शरीर उलटं करण्याची, कथा याच्या अगदी उलट आहे. आज ती झोपेआधीची हमखास कृती मानली जाते. प्रदीपिकेतली कल्पना अशी की टाळूतल्या चंद्रातून झरणारं अमृत नाभीतला सूर्य गिळतो, म्हणून शरीर उलटं करायचं. पहिल्या दिवशी क्षणभर, मग रोज थोडं वाढवत. याने जठराग्नी पेटतो, म्हणून साधकाकडे भरपूर अन्न हवं, आणि सहा महिन्यांत सुरकुत्या व पांढरे केस दिसेनासे होतात, असंही लिहिलं आहे. ही शांत निजण्याची तयारी नव्हे. भिंतीच्या आधाराने पाय वर ठेवून नुसतं पडणं हा नंतरचा अवतार आहे. नाव तेच राहिलं, हेतू पालटला.

विसाव्या शतकात काय बदललं

1924 साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि आसन-प्राणायामाचे शरीरावरचे परिणाम उपकरणांनी मोजायला सुरुवात केली. योग मोजता येतो, हा विचार तिथून रुळला. त्याच सुमारास पश्चिमेत स्नायू सैल सोडण्याचं स्वतंत्र शास्त्र उभं राहत होतं. अमेरिकेत एडमंड जेकबसन यांनी 1929 साली स्नायू आधी आवळून मग सोडण्याची पद्धत ग्रंथरूपाने मांडली. जर्मनीत योहानेस शुल्ट्झ यांनी 1932 साली 'हात जड झाला आहे, ऊबदार झाला आहे' अशा सूचना स्वतःला देण्याची पद्धत मांडली. आजच्या शवासनातल्या सूचना या दोघांच्या किती जवळ जातात, हे ऐकताक्षणी कळतं. प्रदीपिकेच्या श्लोकात पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत लक्ष फिरवण्याची ती सफर नाही.

आधार देऊन आसन करण्याची पद्धत मुख्यतः बी. के. एस. अय्यंगार यांची. ते 1937 साली पुण्यात शिकवायला आले. लोड, घड्या घातलेल्या चादरी, खुर्ची, पट्टा, विटा यांच्या मदतीने आजारी किंवा ताठ शरीरालाही आसनात बराच वेळ राहता येतं, हे त्यांनी दाखवून दिलं. अमेरिकेत पुढे 'रिस्टोरेटिव्ह योग' म्हणून जो प्रकार पसरला, त्याची मुळं इथेच आहेत. योगनिद्रेला आजचं रूप दिलं स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी, तंत्रातल्या न्यासविधीवरून. न्यासात एकेका अवयवाला स्पर्श करून मंत्र ठेवतात. योगनिद्रेत उजव्या अंगठ्यापासून सुरू करून केवळ लक्ष फिरवतात. त्यात मूळ सूचना 'झोपू नका' अशी आहे. झोपेसाठी ती वापरायची तर ही एक सूचना जाणूनबुजून सोडावी लागते.

1969 साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी शवासनाचा रक्तदाबावरचा परिणाम प्रसिद्ध केला. 47 रुग्ण होते. त्यांनी दिलेली कृती इतकी नेमकी आहे की आजही जशीच्या तशी वापरावी. पायांत सुमारे 30 अंशांचं अंतर, हात धडापासून 15 अंश, बोटं किंचित वळलेली, पापण्या मिटलेल्या. श्वास पोटाने, संथ. आत घेतल्यावर छोटा विराम, सोडल्यावर त्याहून मोठा. लक्ष नाकपुड्यांशी: आत येणारी हवा गार, बाहेर जाणारी कोमट. वेळ अर्धा तास, आणि हे जमायला साधारण तीन आठवडे लागत. या तीन आठवड्यांकडे लोक दुर्लक्ष करतात आणि तिसऱ्याच रात्री 'मला जमत नाही' म्हणून सोडून देतात.

झोपेवरचे थेट अभ्यास एकविसाव्या शतकातले. 2004 साली सत बीर सिंग खालसा यांनी जुनाट निद्रानाशावर आठ आठवड्यांच्या घरच्या सरावाची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात 20 जणांच्या झोपेच्या नोंदी होत्या. 2005 साली मंजुनाथ आणि शर्ली टेलिस यांनी 69 वृद्धांवर अभ्यास केला. सहा महिन्यांनी योग करणाऱ्या गटाला झोप लागायला सुमारे दहा मिनिटं कमी लागू लागली आणि एकूण झोप सुमारे तासभर वाढली. पण हे मोजमाप त्यांच्या स्वतःच्या सांगण्यावरून होतं. 2013 सालच्या अमेरिकन अभ्यासात कर्करोगाचे उपचार पूर्ण झालेले 410 जण होते. आठवड्यातून दोनदा 75 मिनिटं, चार आठवडे सौम्य योग केलेल्यांची झोप सुधारली. उपयोग होतो असं म्हणायला एवढा आधार पुरेसा आहे. तरीही जुनाट निद्रानाशावर 2016 सालच्या अमेरिकन वैद्यकीय मार्गदर्शनात पहिलं स्थान विचार आणि सवयी बदलणाऱ्या वर्तनोपचाराला आहे. योग त्याच्या जोडीने करावा.

घरी करताना

झोप न येणाऱ्याचं शरीर बहुधा रात्रीही सावध राहतं: नाडी जलद, स्नायू ताणलेले, मन पहाऱ्यावर. त्यामुळे रात्रीच्या सरावात ताण मिळवायचा नसतो, आधार मिळवायचा असतो. स्नायू ओढला जातोय असं जाणवलं तर उशी कमी पडली, असं समजावं.

जेवणानंतर दोन-तीन तास जाऊ द्यावेत. सुरुवात बालासनाने: छाती आणि कपाळ दोन्ही उश्यांवर, गुडघे हवे तितके फाकलेले, 3 मिनिटं. मग भिंतीला पाय. यात सर्वाधिक चुकतं ते अंतर. कुल्ले भिंतीला चिकटवण्याचा हट्ट धरला की मांडीमागचे स्नायू ताणतात, माकडहाड उचललं जातं आणि कंबर दुखते. 15 सेंटिमीटरपासून सुरू करावं, गुडघे वाकत असतील तर 30 पर्यंत मागे सरकावं. पायांना मुंग्या आल्या तर गुडघे वाकवून तळवे जुळवावेत. 5 ते 8 मिनिटं पुरेत. उठताना आधी कुशीवर वळून थोडं थांबावं. एकदम उठलं की चक्कर येते आणि मिळालेली शांतताही जाते.

शेवटचं शवासन चटईवर करू नये, अंथरुणातच करावं. चटईवर डोळा लागला की पलंगापर्यंत जाताना माणूस पुन्हा लख्ख जागा होतो. गुडघ्यांखाली उशी, मानेखाली टॉवेलची पातळ वळकटी. श्वास घेताना चार आकडे, सोडताना सहा, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. दम लागला तर घेताना तीन, सोडताना चार करावेत. आकडे पाळण्याची धडपड सुरू झाली तर मोजणंच सोडावं. मोजण्याचा कंटाळा असणाऱ्यांना भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडणं, बरी पडते, कारण गुणगुणताना उच्छ्वास आपोआप लांबतो. कपालभाती, भस्त्रिका, भराभर सूर्यनमस्कार आणि खोल मागे वाकणारी आसनं सकाळसाठी ठेवावीत. ती शरीराला जागं करतात.

काचबिंदू, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा छातीत आंबट येण्याचा त्रास असेल तर भिंतीला पाय लावणं टाळावं आणि पोटऱ्या खुर्चीवर ठेवण्याआधीही डॉक्टरांना विचारावं. गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर उताणं न पडता डाव्या कुशीवर, गुडघ्यांत उशी घेऊन पडावं. मोठ्याने घोरताना श्वास मध्येच थांबत असेल, किंवा आठवड्यातून तीन रात्री झोप न येणं तीन महिने चाललं असेल, तर सराव चालू ठेवून तपासणी करून घ्यावी. श्वास अडण्याचा विकार उश्या बदलून बरा होत नाही.