खताला मागितलेले पैसे हुंडा की अडचण?

मराठवाड्यात सुनेला 'हुंडा आण' असं तोंडावर सहसा कुणी म्हणत नाही. पेरणी तोंडावर आली, मोटर जळाली, प्लॉटचा हप्ता थकला, तर माहेराहून काही बघ, असं सांगतात. औरंगाबाद खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेलेला एक खटला नेमका इथेच अडला. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत सून विषाने गेली होती. पैसे घरखर्चाला आणि खताला मागत होते, असं आईच्या साक्षीत आलं. जानेवारी 2007 मध्ये न्यायालयाने ठरवलं की असे अडचणीपोटी मागितलेले पैसे हुंडा नव्हेत. खाली शिक्षा झालेले नवरा आणि सासू सुटले.

एका शब्दावर एवढं का अडलं?

1961 च्या कायद्याने हुंडा देणं-घेणं गुन्हा ठरवलं, पण बंद दाराआडच्या मरणाला साक्षीदार कुठून आणायचा? स्टोव्हचा भडका उडाला, असं सासरचे सांगत आणि ते खोडायला कुणी नसे. म्हणून 1983 मध्ये दंड संहितेत सासरच्या छळाला गुन्हा ठरवणारं कलम 498-अ आणि पुरावा कायद्यातलं 113-अ आलं. लग्नानंतर सात वर्षांत आत्महत्या झाली आणि छळ दिसला, तर सासरच्यांनी प्रवृत्त केलं असं कोर्ट मानू शकतं. 1986 मध्ये दंड संहितेत आलेल्या 304-ब ने (हुंडाबळीचा गुन्हा) आणि पुरावा कायद्यातल्या 113-ब ने पुढचं पाऊल टाकलं. हुंड्यासाठी छळ दिसला, तर हुंडाबळी सासरच्यांनीच घेतला असं कोर्टाने मानलंच पाहिजे.

मुलगी गेली की निर्दोष असल्याचं सासरच्यांनीच शाबीत करायचं, असा समज गावोगावी आहे. तो चुकीचा आहे. सात वर्षांच्या आतलं अनैसर्गिक मरण, मरणाच्या लगतच्या काळात छळ आणि तो छळ हुंड्यासाठीच, हे आधी सरकार पक्षाने दाखवायचं. मग भार आरोपीवर जातो. 'हुंड्यासाठी' हा दुवा तुटला की सगळं गृहीतकच कोसळतं.

हा दुवा जोडायला बहुतेक वेळा गेलेल्या बाईचे शब्दच उरतात. मेलेल्या माणसाचं बोलणं पुराव्यात घेऊ देणारं 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 32 इथे इंग्लंडच्या कायद्यापेक्षा उदार होतं: बोलताना मरण समोर दिसत असलंच पाहिजे, अशी अट त्यात नव्हती. 1982 मध्ये पुण्यात सासरी मरण पावलेल्या एका मुलीने त्याआधी बीडला बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रं लिहिली होती. 1984 च्या सारडा निकालात ती पत्रं पुराव्यात घेतली गेली. पण त्याच पत्रांतून तिचं खचलेलं मनही दिसलं, आत्महत्येची शक्यता पुसता आली नाही आणि फाशीची शिक्षा झालेला आरोपी, तिचा नवरा सारडा, सुटला.

भाजलेल्या बाईचा मृत्युपूर्व जबाब वेगळा. नातेवाइकांना बाहेर काढतात, डॉक्टर 'शुद्धीवर आहे' असं लिहून देतात, दंडाधिकारी प्रश्न विचारून लिहून घेतात. हात जळालेले असले तर पायाच्या अंगठ्याचा ठसा घेतात. त्या डॉक्टरी शेऱ्याअभावी जबाब फेटाळले जात. 2002 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं, की बाई भानावर होती याची लिहून घेणाऱ्याची खात्री असेल, तर केवळ शेरा नाही म्हणून जबाब बाद होत नाही. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत माणुसकीचा निकाल.

खताचा निकाल दुरुस्त व्हायला 2015 उजाडलं. लग्नाच्या संदर्भात, कोणत्याही कारणाने मागितलेला पैसा हुंडाच, असं तीन न्यायमूर्तींनी सांगितलं आणि 2007 चं मत चुकीचं ठरवलं.

1 जुलै 2024 पासून आकडे बदलले. नव्या भारतीय न्याय संहितेत 304-ब चं 80 झालं, नव्या साक्ष अधिनियमात 113-ब चं 118 आणि कलम 32 चं 26. मजकूर जवळपास जुनाच. उलटतपासणीत आईला विचारला जाणारा प्रश्नही तोच आहे: पैसे नेमके कशासाठी मागितले होते?