वसंतातल्या लोण्याचे रसायन

हिवाळाभर गोठ्यात वाळल्या वैरणीवर राहिलेल्या गाई वसंतात कुरणात सुटल्या की लोणी पिवळे आणि मऊ होते, हे युरोपातल्या शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. पिवळेपणा गवतातल्या कॅरोटीन या रंगद्रव्याचा. मऊपणाचे मूळ मेदाम्लांत, म्हणजे मेद ज्यांपासून बनतो त्या आम्लांत, असून ते उलगडायला विसावे शतक उजाडावे लागले.

1935 मध्ये ब्रिटनमधील संशोधकांना असे आढळले की, कुरणात सुटलेल्या गाईंच्या दुधातील मेद 230 नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश हिवाळी दुधातील मेदापेक्षा पुष्कळ अधिक शोषून घेतो. एकाआड एक दुहेरी बंध असलेल्या, म्हणजे संयुग्मित, मेदाम्लांची ती खूण होती.

खरे कोडे वेगळेच होते. हिरव्या गवतातील मेदाम्लांपैकी साधारण निम्म्याहून अधिक वाटा तीन दुहेरी बंधांच्या लिनोलेनिक आम्लाचा असतो, पण दुधातील मेदात ते जेमतेम एक टक्क्याच्या आसपास उरते. मग बाकीचे जाते कुठे? 1951 मध्ये मेंढीच्या कोटीपोटातील, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावरांच्या जठराच्या पहिल्या कप्प्यातील, द्रव जवसाच्या तेलात मिसळून ठेवला, तेव्हा त्यातले लिनोलेनिक आम्ल घटले आणि कोटीपोटातील जिवाणूंचा हात उघड झाला. हे जिवाणू दुहेरी बंधांवर हायड्रोजन चढवत मेद संपृक्त करत नेतात. मात्र काम अर्धवट राहिले की व्हॅक्सेनिक आम्ल हे मधल्या टप्प्यावरचे मेदाम्ल मागे उरते.

1977 मध्ये संशोधक पीटर पॅरोडी यांनी दुधातील मुख्य संयुग्मित लिनोलेइक आम्लाची ओळख पटवली. ते कोटीपोटातच तयार होत असावे, असा समज दीर्घकाळ टिकला. तो 2000 च्या सुमारास ग्रिनारी आणि बाउमन या संशोधकांच्या कामाने मोडला. या आम्लाचा बहुतांश भाग कासेत, व्हॅक्सेनिक आम्लावर डेल्टा-9 डिसॅच्युरेज या विकराची (एन्झाइमची) प्रक्रिया होऊन बनतो. गवताचा प्रभाव इतका ठळक का दिसतो, याचे उत्तर इथे मिळते, कारण गवतातले लिनोलेनिक आम्ल संपृक्त होत जाताना वाटेत व्हॅक्सेनिक आम्ल मुबलक साचते.

दरम्यान 1987 मध्ये मायकेल पॅरिझा यांच्या गटाने भाजलेल्या गोमांसातून हीच संयुगे वेगळी करून उंदरांवर कर्करोगरोधक परिणाम दाखवला आणि या दुर्लक्षित विषयाकडे पैसा वळला. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात केवळ कुरणावरच्या गाईंच्या दुधात दर ग्रॅम मेदामागे 22.1 मिलिग्रॅम, तर एक तृतीयांश आहार कुरणातून घेणाऱ्यांच्या दुधात 8.9 मिलिग्रॅम संयुग्मित लिनोलेइक आम्ल आढळले. फरक मोठा खरा, पण एकूण मेदाच्या मानाने हे सव्वादोन टक्केही नव्हे. दुधाच्या पिशवीवरील दावे वाचताना उंदीर आणि माणूस यांतले अंतरही ध्यानात घ्यावे लागते.