पऱ्हाटीचा धूर आणि नाडेपचं टाकं

उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी संपली, की विदर्भात वावरावावरांतून धूर निघू लागतो. चिमट्याने उपटलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, धुऱ्याजवळ (बांधाजवळ) रचायची आणि काडी लावायची. ही काही वाडवडिलांची रीत नाही. पूर्वी पऱ्हाटी घरी यायची. वर्षभर चूल तिच्यावरच पेटायची, कुडाला, कुंपणाला तीच लागायची. पुढे गॅस आला, कुडाच्या जागी विटा आल्या. त्यात 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशी झोपवली. वाळक्या बोंडांत अळी लपून राहते, म्हणून फरदड (हंगामानंतर तीच कपाशी राखून घेतलेलं पीक) घेऊ नका, पऱ्हाटी वावरात ठेवू नका, असा सल्ला दरवर्षी मिळतो. सल्ला रास्तच आहे. पण घरी न लागणाऱ्या पऱ्हाटीचं करायचं काय? पेटवणं सगळ्यांत स्वस्त पडतं.

जाळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड पुढचं पीक परत ओढून घेतं, म्हणून तापमानवाढीच्या हिशेबात तो धरत नाहीत. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र धरतात. शिवाय मातीत मुरायचा कार्बन आणि नत्र हवेत जातो. तो नत्र भरून काढायला युरियाचं पोतं आणावं लागतं आणि त्यातला काही भाग पुन्हा नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट उष्णता धरून ठेवतो.

यावरचा उपाय जुना आहे, आणि आपल्याच भागातला आहे. ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इंदूरला कापसाच्या काड्यांचं कंपोस्ट केलं. काड्या टणक, लवकर कुजत नाहीत. म्हणून त्या शेतातल्या रस्त्यावर पसरून बैलगाड्यांखाली चिरडून घेत. पुढे पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी, म्हणजे नाडेपकाकांनी, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असं विटांचं टाकं बसवलं. काडीकचरा, शेणकाला, माती असे थर द्यायचे आणि वरून लिंपायचं. खरी करामत भिंतींत सोडलेल्या झरोक्यांची आहे. हवा खेळती राहते, तीन-चार महिन्यांत खत होतं, आणि शेण थोडकंच लागतं. बंद, ओल्या उकिरड्यात हवेविना कुजताना मिथेन होतो, तो इथे कमी होतो.

राज्य सरकारच्या 2018 पासूनच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने हवामानाचा विचार विदर्भातल्या गावांपर्यंत नेला. पण माझ्या मते गाडी अजून हॉवर्डच्याच जागी अडते: पऱ्हाटी बारीक कोण करणार? बैलगाड्या गेल्या. कुट्टी यंत्राला ट्रॅक्टर लागतो, भाडं लागतं, आणि सगळ्यांना ते एकाच पंधरवड्यात हवं असतं.