घरचं फ्रेंच जेवण: दोन चुलींची गोष्ट

घरी फ्रेंच काही करायचं म्हटलं की आधी धास्ती बसते ती सॉसची. ही धास्ती फ्रेंच घरांतून आलेली नाही, ती आली हॉटेलांच्या मुदपाकखान्यातून. फ्रान्समध्ये दोन चुली शेजारी शेजारी पेटत आल्या आणि जगभर गाजावाजा झाला तो एकीचाच.

गाजलेली चूल दरबारी. ला व्हारेन या आचाऱ्याचं पुस्तक १६५१ साली निघालं. मसाल्यांचा जुना भडिमार ओसरू लागला होता, आणि रस दाट करायला चरबीत परतलेलं पीठ त्यात आलं. पुढे कारेम या आचाऱ्याने (१७८४–१८३३) सॉसची कुळं लावली, म्हणजे मूळ सॉस कोणते आणि त्यांतून निघणारे कोणते, ते ठरवलं. एस्कॉफिए या हॉटेलातल्या आचाऱ्याने १९०३ मध्ये पाच हजारांवर कृती एका ग्रंथात बसवल्या, पण त्या धंदेवाईक आचाऱ्यांसाठी. त्यातला एस्पान्योल सॉस घ्या: हाडं भाजा, त्यांचा अर्क काढा, पीठ तांबूस परता, मग तासन् तास आटवा, गाळा, पुन्हा आटवा. हाताखाली डझनभर माणसं असतील तर ठीक. चार माणसांच्या घरात हा उद्योग कोण करणार?

कुणी करतही नव्हतं. घरात पेटत होती ती दुसरी चूल. १७४६ मध्ये मेनों या लेखकाने मध्यमवर्गीय घरांत राबणाऱ्या स्वयंपाकिणींसाठी पुस्तक लिहिलं. पदार्थ सुटसुटीत, खर्च बेताचा. त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत राहिल्या. या चुलीवरचा खरा पदार्थ म्हणजे पोतोफ. गोमांसाचे स्वस्त, चिवट तुकडे, गाजर, सलगम, लीक, सगळं एका भांड्यात, मंद आचेवर. आधी त्याचं सूप प्यायचं, मग तेच मांस जाडं मीठ आणि मोहरीच्या चटणीबरोबर खायचं. एका भांड्यात दोन वाढपं. याच नावाचं गृहिणींचं मासिकही १८९३ मध्ये सुरू झालं. मार्त दिस्तेल या बाईंच्या दुसऱ्या एका मासिकातून १८९५ मध्ये 'ल कॉर्डाँ ब्ल्यू' ही पाककलेची शाळा उभी राहिली. आज ती बड्या शेफची शाळा वाटते, पण सुरुवात वर्गणीदारांना स्वयंपाक शिकवण्यापासून झाली.

घरातून हॉटेलाकडे असा उलटा प्रवासही झाला. लियाँ शहरात श्रीमंतांकडे स्वयंपाक करणाऱ्या बायकांनी स्वतःच्या खाणावळी काढल्या. त्यांतली युजेनी ब्राझिए एकेकाळची मोलकरीण. १९३३ साली तिच्या दोन्ही खाणावळींना हॉटेलांना तारे देणाऱ्या मिशलॅन या मार्गदर्शिकेचे तीन-तीन तारे मिळाले. पुढे जगप्रसिद्ध झालेला शेफ पॉल बोक्यूज तिच्याच हाताखाली घडला. हे नेहमी तळटिपेत टाकलं जातं, ते खटकतं.

फ्रान्सबाहेरच्या घरांत हे पदार्थ पोचवले ते मुख्यतः ज्युलिया चाइल्ड या अमेरिकी बाईने. १९४९ मध्ये ती पॅरिसला 'कॉर्डाँ ब्ल्यू'त शिकली. वर्गात तिच्याबरोबर होते अमेरिकी माजी सैनिक. सिमोन बेक आणि लुइझेत बर्तोल या फ्रेंच मैत्रिणींबरोबर लिहिलेलं तिचं पुस्तक एका प्रकाशकाने नाकारलं आणि १९६१ मध्ये दुसऱ्याने काढलं. १९६३ मध्ये ती बॉस्टनच्या टीव्हीवर आली, तीही 'बफ बुर्गिन्याँ', म्हणजे वाइनमध्ये शिजवलेलं गोमांस घेऊन. पुस्तकातली तिची एक सूचना फार मोलाची: मांसाचे तुकडे आधी कागदाने टिपून कोरडे करा, ओले असतील तर तांबूस होणार नाहीत. पाणी उडेपर्यंत भांड्याची आच त्यातच खर्ची पडते आणि मांस भाजलं न जाता वाफवलं जातं. भांड्यात गर्दीही करायची नाही. तळाला धरलेला तो तांबूस थर वाइनमध्ये खरवडून घ्यायचा. आपण भाजलेल्या वाटणावर रस्सा उभा करतो, तसंच. मग अडीच-तीन तास ओव्हन सांभाळतो. हा पदार्थ मुळात चिवट मांस मऊ करण्याचा.

गंमत म्हणजे त्यानंतर दहाच वर्षांत, १९७३ मध्ये, गो आणि मियो या समीक्षकांनी नव्या पाककलेचा जाहीरनामा काढला आणि पिठाचे जड सॉस मोडीत काढले. बड्या हॉटेलांनी एस्पान्योलकडे पाठ फिरवली. पोतोफ, ब्लांकेत (पांढऱ्या सॉसमधलं मांस), कोक ओ व्हँ (वाइनमधला कोंबडा) हे घरातले पदार्थ मात्र होते तिथेच राहिले. २०१० मध्ये युनेस्कोने फ्रेंच भोजनाला वारशाच्या यादीत घेतलं, तेही एखाद्या पदार्थाला किंवा हॉटेलाला नव्हे, तर लग्न, वाढदिवस अशा प्रसंगी आप्तेष्टांनी एकत्र बसून जेवण्याच्या रिवाजाला.