पायंडा कसा पडतो

३ सप्टेंबर १९६७. पहाटे ४.५० वाजता स्वीडनमधली रस्त्यावरची सगळी वाहनं थांबली. रात्री १ वाजल्यापासून अत्यावश्यक वाहनं सोडून बाकीच्यांना रस्त्यावर यायला बंदीच होती. जी काही थोडी बाहेर होती ती सावकाश रस्ता ओलांडून डावीकडून उजवीकडे आली, पुन्हा थांबली आणि ५ वाजता पुढे निघाली. तेव्हापासून स्वीडन उजव्या बाजूने गाडी चालवतो.

शेजारच्या नॉर्वे आणि फिनलंडमध्ये वाहतूक आधीपासूनच उजवीकडून होती. स्वीडनमधल्या बहुतेक गाड्यांचं स्टिअरिंगही डाव्या हाताला, म्हणजे उजवीकडून चालवायला सोयीचं. तरीसुद्धा १९५५ साली लोकांचा कौल घेतला तेव्हा ८३ टक्के मतदारांनी आहे तेच राहू द्या म्हणून सांगितलं होतं. संसदेने पुढे १९६३ मध्ये बदलाचा निर्णय घेतला आणि चार वर्षं त्याची तयारी चालली. दुधाच्या खोक्यांपासून अंतर्वस्त्रांपर्यंत सगळीकडे त्या दिवसाचं बोधचिन्ह छापलं गेलं. बदलानंतर अपघात वाढतील अशी भीती होती, प्रत्यक्षात ते काही काळ घटले. लोक जपून चालवत होते ना! दोनेक वर्षांत हात बसला, सावधपणा गेला आणि अपघातांचं प्रमाण होतं तिथे परत आलं.

रूढी म्हणजे काय, हे समजून घ्यायला मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं, कारण यात श्रद्धा नाही, धर्म नाही, परंपरेचा अभिमानही नाही. डावी बाजू बरोबर की उजवी, या प्रश्नाला उत्तरच नाही. समोरून येणारा जी बाजू धरेल तीच आपण धरायची, एवढंच बरोबर. अशी रीत एकट्यादुकट्याला मोडता येत नाही. २ सप्टेंबरला एखाद्याने ‘मला उजवी बाजू पटली’ म्हणून गाडी तिकडून घातली असती तर तो घरी पोचला नसता. बदलायचं तर सगळ्यांनी, आणि एकाच वेळी.

पण अशा रीती मुळात सुरू कशा होतात? प्रत्येक वेळी काही कुणी संसदेत ठराव करत नाही. डेमन सेंटोला आणि आंद्रेआ बारोंकेली या दोन संशोधकांनी २०१५ साली याचा एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. इंटरनेटवर जमवलेल्या लोकांच्या जोड्या लावायच्या, दोघांना एका अनोळखी व्यक्तीचा फोटो दाखवायचा आणि तिला नाव सुचवायला सांगायचं. दोघांचं नाव जुळलं तर पैसे मिळणार, नाही जुळलं तर कापले जाणार. मग जोडीदार बदलायचा आणि पुन्हा तेच. गटात एकूण किती लोक आहेत, बाकीचे काय सुचवताहेत, यातलं काहीच कुणाला दिसत नव्हतं. सुरुवातीला अर्थातच नावांचा नुसता गोंधळ. पण जोडीदार सतत सगळ्या गटातून मिळत राहिले तिथे काही फेऱ्यांनंतर एक नाव पुढे सरकायला लागलं आणि बघता बघता सगळा गट तेच नाव घेऊ लागला. कुणी नेता नव्हता, चर्चा नव्हती, मतदान नव्हतं. प्रत्येक जण फक्त पुढच्या माणसाशी जुळवून घेत होता.

याच प्रकारच्या खेळात एकदा नाव रुळल्यावर संशोधकांनी आपली काही माणसं गटात सोडली. ती दुसरंच एक नाव हट्टाने घेत राहायची. या प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. हट्टी माणसं थोडी असली की काहीच होत नव्हतं. त्यांचं प्रमाण साधारण २५ टक्क्यांवर गेलं की मात्र सगळा गट उलटून नव्या नावाकडे वळत होता. हा आकडा त्या खेळातला आहे, तो उचलून कुठल्याही समाजाला लावणं चूक ठरेल. पण रीत बदलायला बहुमत लागतंच असं नाही आणि बदल हळूहळू न होता बराच काळ अडून मग एकदम होऊ शकतो, ही समज महत्त्वाची आहे. २०२५ मध्ये हाच नावांचा खेळ माणसांऐवजी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रोग्रामांना आपापसांत खेळायला दिला गेला. त्यांच्यातही कुणी न सांगता एक नाव रूढ झालं.

रीतींचा दुसरा मोठा उगम म्हणजे नक्कल. व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांनी २००५ साली चिंपांझी आणि तीन-चार वर्षांची मुलं यांच्यावर केलेला प्रयोग इथे बारकाईने पाहण्यासारखा आहे. एक खोकं, आत खाऊ. दाखवणारा माणूस आधी काठी खोक्याच्या वरच्या भोकात घालून ठोकतो, मग पुढचं दार उघडून त्याच काठीने खाऊ बाहेर काढतो. खोकं अपारदर्शक असताना चिंपांझी आणि मुलं दोघंही वरच्या भोकातली ठोकाठोक करत होती. मग तेच खोकं पारदर्शक केलं. आता स्पष्ट दिसत होतं, की वरच्या भोकाखाली आडवा पडदा आहे आणि तिथे कितीही ठोकलं तरी खाऊला धक्कासुद्धा लागत नाही. चिंपांझींनी ती निरुपयोगी क्रिया बहुतेक वेळा गाळली आणि सरळ दाराकडे हात घातला. मुलं मात्र आधीसारखीच ठोकत राहिली.

पहिल्यांदा वाचताना चिंपांझी शहाणे आणि मुलं भोळी वाटतात. मला हे उलट वाटतं. माणसाचं जगणं अशा असंख्य कृतींवर उभं आहे ज्यांचं कारण करणाऱ्याला ठाऊक नसतं. मोठा माणूस एखादी गोष्ट मुद्दाम करतोय, तर तिच्यात काहीतरी असणार, असं धरून चालणारं मूल कारण शोधण्यात आयुष्य न घालवता हजारो वर्षांचं शहाणपण पदरात पाडून घेतं. त्याबरोबर काही खुळचट गोष्टीही पदरात पडतात, हा त्या सौद्याचा खर्च.

मक्याची गोष्ट घ्या. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले लोक हजारो वर्षं मका चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवून, भिजवून मगच दळत आले आहेत. साल सुटते, पीठ चांगलं मळलं जातं, हे फायदे त्यांना दिसत होते. खरा फायदा दिसण्यासारखा नव्हता. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अशा रूपात बांधलेलं असतं, की ते शरीराला मिळत नाही. चुन्याच्या पाण्याने ते मोकळं होतं. कोलंबसनंतर मका युरोपात गेला, ही रीत मात्र मागेच राहिली. चुना कशाला, नुसतं दळलं तरी पीठ होतंच की! मग जिथे जिथे गरीब माणूस जवळजवळ फक्त मक्यावर जगू लागला तिथे एक विचित्र रोग उगवला. उन्हात उघड्या पडणाऱ्या कातडीवर लाल चट्टे, जुलाब, भ्रम आणि शेवटी मृत्यू. १७३५ मध्ये स्पेनच्या गास्पार कासाल या वैद्याने त्याचं वर्णन केलं. इटलीत त्याला पेलाग्रा नाव पडलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाच रोग अमेरिकेच्या दक्षिण भागात पसरला. बहुतेक डॉक्टरांना तो संसर्गजन्य वाटत होता. सरकारने १९१४ साली डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांना तपासाला पाठवलं. त्यांनी पाहिलं, की अनाथालयांत आणि मनोरुग्णालयांत तिथे ठेवलेल्यांना हा रोग होतो, पण त्यांच्यातच वावरणाऱ्या कर्मचाऱ्यांना होत नाही. मग फरक ताटात असणार. १९१५ मध्ये मिसिसिपीच्या तुरुंगशेतीवरच्या स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना, सुटकेच्या बदल्यात, मक्यावर भर असलेला निकृष्ट आहार देऊन त्यांनी पेलाग्रा घडवूनही दाखवला. (आज असा प्रयोग कुठलीही नीतिसमिती मान्य करणार नाही आणि ते योग्यच आहे.) तरीही विरोधक ऐकेनात, तेव्हा त्यांनी स्वतःला आणि सहकाऱ्यांना रोग्याचं रक्त टोचून घेतलं, रोग्यांच्या चट्ट्यांचे पापुद्रे आणि मलमूत्र पिठाच्या गोळ्यांत घालून गिळलं. कुणालाही पेलाग्रा झाला नाही. रोगाचं मूळ नायसिनच्या कमतरतेत आहे, हा उलगडा १९३७ साली कॉनराड एल्वेजेम या जीवरसायनशास्त्रज्ञाच्या संशोधनातून झाला. चुन्याच्या पाण्यामागचं कारण कळायला विज्ञानाला इतकी वर्षं लागली. म्हणून एखादी जुनी रीत निरर्थक ठरवून टाकून देण्याआधी ती नेमकं काय करते याची मोजणी व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

मोजणीने घातक रीतही उघडी पडते. १८४७ साली व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या विभागात बाळंतरोगाने मरणाऱ्या स्त्रिया इतक्या जास्त होत्या, की तिथे दाखल करू नका म्हणून बायका हातापाया पडत. तिथले डॉक्टर सकाळी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीला येत. ती त्यांची रोजची रीत होती आणि तिच्यात कुणाला वावगं दिसत नव्हतं. तिथलेच डॉक्टर इग्नात्स सेमेलवाइस यांचा एक मित्र शवविच्छेदनात सुरी लागून त्याच प्रकारच्या तापाने गेला आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. मे महिन्यापासून त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये १८.३ टक्के असलेलं मृत्यूचं प्रमाण जूनमध्ये २.२ टक्क्यांवर आलं.

आकडे इतके बोलके असूनही डॉक्टरमंडळींनी ते स्वीकारले नाहीत. सभ्य माणसाचा हात मृत्यू वाहून नेतो, हे कोण कबूल करणार? जंतूंचा सिद्धान्त अजून यायचा होता, त्यामुळे सेमेलवाइसना कारण सांगता येत नव्हतं. १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात त्यांचा अंत झाला. पुढे पाश्चर आणि लिस्टर यांच्या कामामुळे कारणही कळलं, सूक्ष्मदर्शकातून दिसलंही. आता तरी प्रश्न सुटायला हवा होता की नाही?

नाही सुटला. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली जगभरातल्या पाहण्या एकत्र केल्या तेव्हा, जिथे विशेष प्रयत्न झाले नव्हते अशा रुग्णालयांत, हात स्वच्छ करायला हवेत अशा प्रसंगांपैकी सरासरी ४० टक्क्यांच्या आसपास प्रसंगीच ते केले जात होते. या लोकांना जंतू माहीत नव्हते असं कोण म्हणेल? माहिती असणं आणि हात आपोआप नळाकडे वळणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

जिनिव्हाच्या रुग्णालयात डॉक्टर दिदिए पिते यांनी नेमकं हे ओळखलं. अतिदक्षता विभागातल्या परिचारिकेने नियमाप्रमाणे प्रत्येक वेळी बेसिनपर्यंत जाऊन साबणाने हात धुवायचे ठरवले, तर तिच्या पाळीचा मोठा हिस्सा त्यातच जाईल. त्यांनी अल्कोहोलचं द्रावण खाटेशेजारी आणि खिशात आणलं. वीसेक सेकंदांत काम. जोडीला भित्तिपत्रकं आणि वरिष्ठांचा उघड पाठिंबा. १९९४ मध्ये ४८ टक्के असलेलं पालन १९९७ पर्यंत ६६ टक्क्यांवर गेलं आणि रुग्णालयात लागणारे संसर्ग कमी झाले. दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं, की खोलीत वरिष्ठाने हात स्वच्छ केले नाहीत, तर बरोबरचे लोकही ते करण्याची शक्यता घटते. म्हणजे पुन्हा तेच. ज्ञान पुस्तकात असून भागत नाही. वस्तू हाताशी हवी आणि मोठ्याने केलेलं डोळ्यांनी दिसायला हवं. पारदर्शक खोक्यावर ठोकणारी ती मुलं आपल्यात अजून आहेत आणि चांगली सवय लावायची तर त्यांनाच हाताशी धरावं लागतं.

आत्ता आपल्या डोळ्यांदेखत एक रीत अशी घडणीत आहे, ती रात्रीच्या उजेडाची. डोळ्याच्या दृष्टिपटलात दंडपेशी आणि शंकुपेशी असतात हे शाळेत शिकवतात. २००२ च्या सुमारास तिसऱ्या प्रकारच्या प्रकाशसंवेदी पेशी सिद्ध झाल्या. त्यांच्यात मेलानोप्सिन नावाचं प्रथिन असतं आणि ते निळसर प्रकाशाला, ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीला, सर्वांत जास्त प्रतिसाद देतं. या पेशींचं मुख्य काम चित्र दाखवणं नाही. त्या मेंदूतल्या घड्याळाला दिवस आहे की रात्र एवढं कळवतात. संध्याकाळनंतर घरात पांढरा लखलखाट असला की घड्याळ दिवस समजून मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक उशिरा सोडतं. २०१३ मध्ये कोलोरॅडोच्या डोंगरात आठ जणांना आठवडाभर फक्त सूर्यप्रकाश आणि शेकोटी यांच्यावर ठेवलं, विजेरी नाही, फोन नाही. त्यांचं शरीराचं घड्याळ सुमारे दोन तास अलीकडे सरकलं. आठ जण म्हणजे फार थोडे, पण या पेशींबद्दल जे कळलं होतं त्याच्याशी निष्कर्ष जुळतो.

२०२२ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने आकडेही ठरवून दिले. या पेशींना जाणवणारा उजेड दिवसा घरात किमान २५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक), झोपण्याआधीचे तीन तास जास्तीत जास्त १० आणि झोपेत जास्तीत जास्त १. हे लक्स साध्या प्रकाशमापकावरचे नाहीत, निळ्याला जास्त वजन देऊन मोजलेले आहेत. त्यामुळे ते घरोघरी मोजले जातील अशी अपेक्षाच चुकीची आहे. ‘रात्री फोन बघू नका’ हा उपदेश तर आपण सगळे ऐकतो आणि फोन बघतो. जिनिव्हातल्या खाटेशेजारच्या द्रावणाचं काम इथे कोण करेल, ते शोधायला हवं. दिवस मावळला की स्वतःहून पिवळसर आणि मंद होणारे दिवे निघाले आहेत, पण ते अजून हौशी लोकांच्या घरात आहेत. घर बांधणाऱ्याने तसे दिवे आधीच बसवून दिले आणि रुग्णालयांच्या, वसतिगृहांच्या नियमांत ते आले, तर संध्याकाळी उजेड उतरवायची रीत पडायला एक पिढीसुद्धा लागणार नाही.